टेक्सासच्या मेक्सिकन संगीतात जर्मन-चेक पोल्का कसा मुरला? पेटी-तबलावाल्यांना समजेल असं हवंय

महालची_पेटी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालातल्या आमच्या संगीत मंडळात पुढच्या महिन्यात दीड तासाचं श्रवणसत्र ठेवलंय. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या युरोपीय लोकांमुळे एखाद्या प्रांताचं संगीत कसं घडलं, हा विषय. उदाहरण दक्षिण टेक्सासचं घेतलंय. तिथले मेक्सिकन वंशाचे लोक ज्याला कोन्हुंतो म्हणतात ते: बटणांचं अकॉर्डियन, बारा तारांचं बाहो सेक्स्तो, बास आणि ड्रम.

अडचण अशी, की जिथे वाचावं तिथे "जर्मनांनी अकॉर्डियन आणलं, मेक्सिकनांनी उचललं" एवढ्यात विषय आटोपतो. समोर बसणारे बहुतेक पेटी, तबला, ढोलकीवाले. त्यांचे प्रश्न नेमके असतात. काय आलं, वाद्य की ताल की चाली? त्यातलं काय ठेवलं, काय टाकलं? बटणांच्या पेटीवर हात कसा चालतो, आणि पोल्काला, म्हणजे त्या युरोपीय नाचाच्या तालाला, आपला केरवा लावला तर काय बिघडतं?

शिवाय प्रत्यक्ष दाखवायला एक वापरलेलं तीन ओळींचं होह्नर कंपनीचं कोरोना अकॉर्डियन मिळतंय. घेताना काय तपासायचं? आणि नागपूरच्या मे महिन्यात ते तगेल का?

---

धरमपेठ_श्रोता

ताई, सत्राची सुरुवातच एका फरकाने करा. जर्मन आणि चेक लोकांनी टेक्सासमध्ये स्वतःसाठी जे संगीत उभं केलं ते एक, आणि शेजाऱ्यांनी त्यांच्याकडून जे घेतलं ते दुसरं. दोन्ही एकत्र कालवलं की तुम्ही म्हणता तसं एका वाक्यात आटोपतं.

जर्मनांचं आधी. न्यू ब्राउनफेल्स वसलं १८४५ मध्ये, फ्रेडरिक्सबर्ग १८४६ मध्ये. या लोकांची प्रतिष्ठेची गोष्ट म्हणजे पुरुषांची समूहगायन मंडळं. १८५३ मध्ये न्यू ब्राउनफेल्सला टेक्सासभरच्या मंडळांचा पहिला गायन महोत्सव भरला. सॅन अँटोनिओचं बेथोव्हेन मेनरकोर हे मंडळ १८६७ चं. त्या व्यासपीठावर अकॉर्डियनला मान नव्हता. ते घरातलं, लग्नातलं, धान्याच्या कोठारात नाच रंगला की बाहेर काढायचं वाद्य. मेक्सिकन शेजाऱ्याच्या कानावर पडलं ते हेच. गायन मंडळांचे दरवाजे त्याच्यासाठी उघडे नव्हते, पण नाचाचा आवाज कुंपणाबाहेर जायचाच.

चेक लोक १८५० च्या दशकापासून येऊ लागले, त्यातले बरेच मोराव्हियाचे. फेयेट काउंटी हा त्यांचा गड. ते शेतकरी. गाव बसलं की चर्च, आणि पाठोपाठ नाचघर. त्यांचा जोर फुंकवाद्यांच्या बँडवर. फेयेटव्हिलच्या बाका घराण्याचा बँड १८९२ चा. त्यात संतूरच्या जातीचं, काड्यांनी वाजवायचं सिंबालही असे. तुमच्या मंडळात कोणी संतूर ऐकणारं असेल तर हे जरूर सांगा.

आता वाद्य. डेमियानने व्हिएन्नात अकॉर्डियनचं पेटंट घेतलं १८२९ मध्ये. होह्नर कंपनी जर्मनीतल्या ट्रॉसिंगनची, १८५७ ची. पण सुरुवातीला ती फक्त माउथ ऑर्गन करायची. अकॉर्डियन तिने १९०३ पासून बनवायला घेतलं. कारखान्यात बनलेल्या स्वस्त जर्मन पेट्या टेक्सासच्या दुकानांतून विकल्या जायच्या. म्हणजे वाद्य माणसांच्या सामानातून आलं तसंच दुकानाच्या फळीवरूनही आलं. मजुरी करणाऱ्याला परवडणारं, पियानोसारखं जागा न अडवणारं, आणि एकट्याने नाच उभा करता येईल इतकं मोठ्या आवाजाचं. ते पसरलं याचं मोठं कारण हे आहे.

ताल म्हणाल तर पोल्का, वाल्स, चोतिस, रेदोवा. पोल्का आणि रेदोवा मूळ बोहेमियाचे. मात्र सगळं श्रेय टेक्सासच्या शेजाऱ्यांना देऊ नका. पोल्का १९ व्या शतकातच मेक्सिकोच्या बैठकीच्या नाचांतही पोचला होता. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकच ताल कानावर पडत होता, म्हणून तो इतका पक्का बसला.

सत्राचा कणा मात्र नार्सिसो मार्तिनेसला करा. जन्म १९११, मेक्सिकोतल्या रेनोसाचा, वाढला टेक्सासमध्ये. बिशप गावाच्या आसपास राहताना त्याने जर्मन आणि चेक वादकांच्या चाली उचलल्या. १९३६ मध्ये ब्लूबर्ड कंपनीसाठी त्याच्या पहिल्या रेकॉर्डी झाल्या, साथीला बाहो सेक्स्तोवर सांतियागो आल्मेइदा. त्याने केलं काय, तर अकॉर्डियनची डावी बाजू, म्हणजे बास आणि कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या तीन-चार सुरांची) बटणं, जवळजवळ सोडूनच दिली. ते काम आल्मेइदाकडे गेलं. उजवा हात मोकळा झाला, चाल वेगात आणि तुटक, टोकदार सुरांत वाजू लागली. जर्मन वादक दोन्ही हातांनी घुमवत वाजवायचा. मार्तिनेसची पेटी बोलायला लागली ती अर्धी पेटी बाजूला ठेवल्यावर.

पुढचं थोडक्यात. सांतियागो हिमेनेस (थोरला) सॅन अँटोनिओचा, त्याने उभा बास, तिकडे त्याला तोलोलोचे म्हणतात, साथीला घेतला. १९४० च्या दशकात वालेरियो लोंगोरियाने ड्रम आणले, बोलेरो हा संथ प्रेमगीताचा प्रकारही आणला. तोनी दे ला रोसाने १९५० च्या दशकात इलेक्ट्रिक बास आणि ड्रम घेऊन लय खाली आणली. थोरल्या हिमेनेसचा मुलगा फ्लाको हे वादन जगभर घेऊन गेला.

आणखी एक गोष्ट लोकांना आवडेल. मार्तिनेसच्या त्याच रेकॉर्डी कंपनीने वेगळी नावं छापून लुइझियानाच्या फ्रेंच बोलणाऱ्यांना आणि पोलिश लोकांनाही विकल्या. युरोपातून आलेला पोल्का एका मेक्सिकन वादकाच्या हातून पुन्हा युरोपीय घरांत शिरला, आणि ऐकणाऱ्यांना वेगळेपण खटकलं नाही.

---

रीड_आणि_भाता

वादनाचं मी सांगतो, कारण पेटीवाल्याचा गोंधळ इथेच होते.

आपल्या पेटीत एका पट्टीला एक सूर. भाता कसाही हलवा, आत हवेचा साठा राहते, सूर बदलत नाही. बटणांच्या या अकॉर्डियनमध्ये एका बटणाला दोन सूर: भाता मिटताना एक, उघडताना दुसरा. प्रत्येक पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर दोन पोलादी जिभा (रीड) बसवलेल्या, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. पियानो अकॉर्डियनमध्ये त्या दोन्ही एकाच सुराच्या असतात, इथे वेगवेगळ्या.

एका ओळीची, दहा बटणांची, पांढरी १ ची (सा म्हणजे पाश्चात्य C) पेटी धरा. तिसऱ्या बटणापासून सप्तक असं लागते:

तिसरं: मिटताना सा, उघडताना रे.
चौथं: मिटताना ग, उघडताना म.
पाचवं: मिटताना प, उघडताना ध.
सहावं: मिटताना सां, उघडताना नी.

म्हणजे सा ते ध पर्यंत 'मिट-उघड, मिट-उघड' असं बिनघोर चालते. पण ध उघडताना, आणि त्याच्यापुढचा नीसुद्धा उघडतानाच. तिथे भात्याची दिशा बदलायची नाही, बोटच बदलायचं. मग सां ला मिटायचं. पहिल्यांदा हात लावणारा प्रत्येक जण ध-नी-सां ला अडकते. सत्रात कोणाला बसवून दाखवायचं असेल तर फक्त प-ध-नी-सां एवढंच सावकाश करून घ्या, मामला लगेच समजते.

सूर सगळे शुद्ध, म्हणजे बिलावल थाट. खालच्या सप्तकात मंद्र प आणि मंद्र नी दुसऱ्या बटणावर मिळतात, मंद्र ध त्या ओळीत नाहीच. असे राहिलेले सूर शेजारच्या ओळीत शोधावे लागतात.

तीन ओळींच्या कोरोनावर ३१ बटणं: १०, ११, १०. तिन्ही ओळी वेगवेगळ्या सुरांच्या. आपल्या भाषेत सांगतो, म्हणजे विकणाऱ्याला नीट विचारता येईल. एक प्रकार पांढरी ५, पांढरी १, पांढरी ४. दुसरा पांढरी ४, काळी ५, काळी २. तिसरा पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २. तुमच्या मंडळात पांढरी १ किंवा पांढरी ४ मध्ये दाखवणं सोपं, म्हणून पहिला बघा. तीन ओळींच्या पेटीत सा तिसऱ्याच बटणावर असेल असं धरू नका. भाता मिटत ठेवून एकेक बटण दाबत जा. जिथून सा-ग-प-सां असा क्रम लागला, तो तुमचा सा.

आता या रचनेतून चाल कशी घडते ते पाहा. भाता मिटताना एका ओळीत फक्त सा, ग, प. म्हणजे कोणतीही दोन-तीन बटणं एकदम दाबा, सा चा कॉर्डच वाजते, चुकीचं काही वाजूच शकत नाही. उघडताना रे, म, ध, नी. एक ओळीच्या पेटीत डाव्या हाताला दोनच बटणं, मिटताना सा चा कॉर्ड, उघडताना प चा. जुन्या पोल्कांच्या चाली या दोन कॉर्डांत फिरतात, त्याला पेटीची ही रचनाही कारण आहे.

शेजारची दोन बटणं एकदम दाबली की मिटताना सा-ग, उघडताना रे-म, पुन्हा मिटताना ग-प, उघडताना म-ध. जोडस्वर आपोआप. कोन्हुंतोमधली चाल जोडीने चालते ती याच्यामुळे. फक्त पाचवं-सहावं बटण उघडताना एकदम दाबू नका, ध-नी एकमेकांना टोचतात.

ओळी ओलांडून वाजवणं हे खरं कसब. पांढरी ५ चा सूर पांढरी १ च्या ओळीत मिटताना आहे, पांढरी ४ च्या ओळीत उघडताना आहे, कारण तिथे तो रे होते. असे दुहेरी सूर ओळखले की चालीची एक अख्खी ओळ भात्याची दिशा न बदलता निघते. वेगवान जागा अशाच घेतात. भात्यातली हवा संपत आली की डाव्या अंगठ्याशी एक हवेचं बटण असते. दोन सुरांच्या मधल्या फटीत ते दाबून भाता गुपचूप उघडायचा.

पेटीवाल्यांची ठरलेली चूक: सूर धरून ठेवणं. इथे बोट लवकर उचला. आघात बोटाने नाही, भात्याच्या झटक्याने द्या. आणि मींड काढायला जाऊ नका, पोलादी जीभ तेवढी वाकत नाही.

---

महालची_पेटी

सरगममध्ये सांगितलंत हे फार बरं झालं, हे फळ्यावर लिहिता येईल. एक शंका. डावी बाजू वाजवायचीच नसेल तर ती दुरुस्त नसली तरी चालेल का? आणि तबलावाल्यांना काय सांगू? आमच्याकडे गिटारवाला आहे, बाहो सेक्स्तो नाही.

---

रीड_आणि_भाता

सूर नसले तरी चालते. पुष्कळ कोन्हुंतो वादक डावीकडच्या जिभा काढूनच टाकतात, किंवा बंद करतात. वाद्य हलकं होते. पण डावीकडून हवा गळत असेल तर ते चालणार नाही. बासचं एक पॅड, म्हणजे हवा अडवणारी छोटी गादी, जरी उघडं राहिलं तरी उजव्या हाताला हवा पुरत नाही.

---

इतवारीचा_ठेका

तबल्याचं असं.

पोल्का दोनाचा. एका आवर्तनात चार बारीक मात्रा धरा: पहिलीवर बास, दुसरीवर कॉर्ड, तिसरीवर बास, चौथीवर कॉर्ड. असे दोन तुकडे म्हणजे आठ मात्रा, म्हणून केरवा लावायचा मोह होणारच. लावला की बिघडतं. केरव्यात 'धा गे ना ती ना के धिं ना' असा झोल आहे, सातव्या मात्रेवरचा धिं चालीला मागून ढकलतो. पोल्काला ढकलणं नको, सपाट पाऊल हवं. बोल साधे ठेवा: गे ना गे ना, गे ना गे ना. बायां फक्त विषम मात्रांवर, दायां फक्त सम मात्रांवर. बायां दाबून घुमवायचा नाही, कोरडा. त्यातही दायां किंचित टोकदार, कारण नाचणाऱ्याचा पाय बायांवर पडतो आणि उचलला जातो दायांवर.

चौथ्या-पाचव्या आवर्तनात तबलावाला लग्गी सुरू करतोच. त्याला आधीच सांगून ठेवा. अकॉर्डियनचे सूर तुटक असतात, दोन सुरांमधल्या रिकाम्या जागेत लग्गी शिरली की चाल ऐकूच येत नाही. भरणा करायचा तो चालीची ओळ संपते तिथे, तोही दोन मात्रांचा.

वाल्स तिनाचा: गे ना ना, गे ना ना. दादरा जवळचा वाटतो, पण दादऱ्यात चौथ्या मात्रेवर वजन बदलतं, इथे दोन्ही तुकडे सारखेच. रेदोवाही तिनाचाच. सत्रात आधी वाल्स ऐकवून मग रेदोवा ऐकवा, दोन्ही ओळीने लागले की वेगळेपण कळतं.

लय: मार्तिनेसच्या काळातलं वादन चपळ, तोनी दे ला रोसाचं सैल. दोन रेकॉर्डी पाठोपाठ लावा आणि लोकांना नुसती टाळी धरायला सांगा. ड्रम आणि इलेक्ट्रिक बास आल्यावर लय खाली का आली, हे टाळी धरणाऱ्यालाच समजेल. आवाजाचं वजन मागे असलं की चालीला जागा भरायला धावावं लागत नाही.

गिटारवाल्यासाठी: बाहो सेक्स्तोला तारांच्या सहा जोड्या, लागोपाठच्या दोन जोड्यांत सा-म इतकं अंतर, आणि सगळं गिटारपेक्षा खालच्या सप्तकात. गिटारवर जाड पिक घ्यायचं. पहिल्या मात्रेला खालच्या तारेवर सा, दुसरीला वरच्या तारांवर छोटा कॉर्ड, तिसरीला मंद्र प, चौथीला पुन्हा कॉर्ड. कॉर्ड वाजला की लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडून तारा मुक्या करायच्या. कॉर्ड लांबला की पोल्का संपला, तो मग सिनेमातल्या संथ गाण्यासारखा लागतो. बास आणि कॉर्ड एकाच माणसाने देणं हा बाहो सेक्स्तोचा प्राण आहे, तेव्हा दोन गिटारी घेऊन काम वाटून टाकू नका.

---

सदर_दुरुस्ती

आता खरेदी आणि उन्हाळा. यात घाई केली की पैसे गेले.

तपासणी बंद खोलीत, पंखा बंद करून करा. पहिली चाचणी भात्याची. पट्टे सोडा, उजवी बाजू वर धरून डावी बाजू खाली लोंबू द्या, एकही बटण दाबू नका. भाता स्वतःच्या वजनाने अगदी सावकाश उघडला पाहिजे. तीन-चार सेकंदांत भसकन उघडला तर हवा गळून राहिली. गळती कुठे आहे ते गालाला कळते: भाता दाबत ठेवायचा आणि घड्यांच्या कोपऱ्यांजवळ, चौकटीच्या कडेला, बटणांच्या जाळीजवळ गाल फिरवायचा. कोपरा असेल तर पेटीचा कोणताही चांगला मिस्त्री पातळ कातडं चिकटवून देते. जाळीजवळ असेल तर पॅड गेले.

मग प्रत्येक बटण, मिटताना आणि उघडताना. ३१ बटणं म्हणजे ६२ आवाज, आणि प्रत्येक आवाजामागे दोन जिभा, म्हणून १२४ जिभा. एकही चाचणी गाळू नका, कारण हे बिघाड अर्धेच दिसतात: बटण मिटताना छान, उघडताना मुकं. मुकं असेल तर जिभेत कचरा किंवा गंज. खरखरत असेल तर पट्टी सैल झाली किंवा तिच्यावरची कातड्याची पडदी वळली. दोन्ही जिभा वाजतात पण सूर फाटका, तर एक जीभ तडकायच्या बेतात आहे. हळूहळू सूर खाली येणारी जीभ पोलाद थकल्याचं लक्षण, ती घासून वर आणायला जाऊ नका, बदला.

उघडून पाहू दिलं तर मेण बघा. बहुतेक तीन ओळींच्या पेट्यांत पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेणाने बसवलेल्या असतात. आपल्या पेटीत रीड स्क्रूने असतात, म्हणून आपल्या मिस्त्रीला हा प्रकार नवा. शिवणकामाची सुई मेणात हलकेच टोचा. आत शिरली आणि भोक राहिलं, तर मेण जिवंत. पापुद्रा उडाला किंवा भुगा झाला तर सगळ्या पट्ट्या पुन्हा बसवाव्या लागतील. त्याप्रमाणे भाव पाडून घ्या.

नागपूरचा मे हाच खरा प्रश्न. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळते, पण त्याच्या बरंच आधी नरम पडते. बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ६० च्या वर जाते. एका दुपारीत पट्ट्या सरकतात, काही ठोकळ्यावरून गळून भात्यात पडतात. म्हणून गाडीच्या डिक्कीत कधीच नाही, स्कूटरच्या पायदानावर उन्हात नाही, गच्चीखालच्या खोलीत कपाटाच्या वर नाही. घरातल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीशी, जमिनीवर ठेवा.

आणि कूलर. नागपुरात याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. कूलरसमोरची हवा ओली राहते, आणि या पेटीत जिभा पोलादाच्या आहेत, आपल्या पेटीसारख्या पितळेच्या नाहीत. पितळ हिरवट पडते, पोलाद गंजते, आणि गंजाचा एक ठिपका सुद्धा सूर पाडते. कूलरच्या खोलीत वाजवायचं असेल तर वाद्य झोतात ठेवू नका आणि वाजवून झालं की लगेच खोक्यात. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या झाल्या की मंद आचेवर सुकवून पुन्हा घाला. डांबरगोळ्या नकोत. वाद्य खोक्यात ज्या बाजूला बुडाचे छोटे पाय असतात त्यावर उभं ठेवा, आडवं टाकलं की आतल्या पडद्या लोंबून वळतात.

मेण पुन्हा घालायचं झालं तर: चार भाग शुद्ध मधमाशीचं मेण, एक भाग राळ, वर जवसाच्या तेलाचे थोडे थेंब. पॅराफिन नको, ते आकसते आणि पट्टी सोडते. राळेची बारीक पूड करून पातळ मेणात हळूहळू ढवळत घाला. भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, थेट आचेवर धूर निघते आणि मेण ठिसूळ होते. थंड मेण ओतलं तर लाकूड पकडत नाही, वरवर बसते आणि हवा गळते. फार गरम ओतलं तर पातळ होऊन पट्टीखाली शिरते आणि जीभ जाम. आधी एका भंगार पट्टीवर ओतून बघा: धार ओतताच पसरून लगेच दुधाळ झाली पाहिजे. राळ जास्त घालून 'उन्हाळ्यासाठी कडक' करायचा मोह टाळा, कडक मेण डिसेंबरच्या थंडीत तडकते.

---

हिस्लॉप_कट्टा

सत्रात एक प्रश्न नक्की येणार: मग आपल्या पेटीचंही तेच ना, युरोपीय आले आणि पेटी आली? त्याला तयार राहा.

थोडं तेच, बरंच वेगळं. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांद्र दबँ याने पॅरिसमध्ये घेतलं, १८४२ मध्ये. ती पायाने भाता मारायची पेटी, दोन्ही हातांनी कॉर्डसकट वाजवायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये हाताच्या भात्याची पेटी आणली. वादक जमिनीवर बसला, डावा हात भात्यावर गेला, आणि डाव्या हाताचे कॉर्ड आपोआप संपले. इथे मार्तिनेसची आठवण येते. दोन्हीकडे उजवा हात ठेवला, डाव्याचं काम काढून घेतलं. फक्त टेक्सासमध्ये ते काम दुसऱ्या वाद्याला दिलं, आपल्याकडे त्याची गरजच नव्हती, कारण आपलं संगीत कॉर्डांवर उभं नाही.

वेगळं काय? नागपूर परिसरात युरोपीय होते ते कामठीच्या छावणीत, मिशनमध्ये, रेल्वेत. पाद्री हिस्लॉप १८४५ च्या सुमारास आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. पण शेतजमीन घेऊन पिढ्यानपिढ्या राहणारी, शनिवारी नाचघर भरवणारी युरोपीय गावं विदर्भात वसली नाहीत. म्हणून टेक्साससारखी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे चाल गेली नाही. वाद्य आलं, नाच आला नाही. माझ्या मते हा फरक सत्रात सगळ्यात ठळक मांडायला हवा.

आणि आपल्या पेटीला मान मिळायलाही वेळ लागला. आकाशवाणीवर तिला १९४० पासून बंदी होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. नागपूर केंद्र सुरू झालं १९४८ मध्ये, म्हणजे इथल्या केंद्राची पहिली वीसेक वर्षं बंदीच्या काळातली. अकॉर्डियनही टेक्सासमध्ये बराच काळ मजुरांचं वाद्य म्हणून खालच्या पायरीवर होतं. मार्तिनेसला अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला तो १९८३ मध्ये, पहिल्या रेकॉर्डीनंतर ४७ वर्षांनी.

---

महालची_पेटी

हा भाग सत्राच्या मधोमध ठेवते. शेवटची शंका: पेटी आणि अकॉर्डियन एकत्र वाजवून दाखवलं तर जुळेल का? रेकॉर्डींत त्याचा आवाज थरथरता लागतो.

---

रीड_आणि_भाता

थरथर मुद्दाम ठेवलेली असते. एका सुराच्या दोन जिभांपैकी एक किंचित वर लावतात. ४४० हर्ट्झच्या सुराला १६ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर लावली तर सेकंदाला सुमारे चार ठोके ऐकू येतात. जर्मन कारखान्यातून बहुतेक पेट्या अशाच थरथरत्या येतात, बरेच कोन्हुंतो वादक ती थरथर कमी करून घेतात, कारण वेगवान तुटक सुरांत ती चिखल करते.

तुमच्या पेटीशी जुळवताना थरथरणाऱ्या जिभेशी जुळवू नका. उजवीकडे सूर बदलायची कळ असेल तर एकच जीभ वाजेल अशी लावा. नसेल तर झाकण उघडून वरच्या जिभेच्या झडपेला कागदाची बारीक पट्टी लावून ती तात्पुरती मुकी करा. मग मोबाइलवरच्या ट्यूनरने दोन्ही वाद्यांचा पांढरी १ चा सा मोजा. जुन्या पेट्या ४४० वर असतातच असं नाही, १० सेंटपर्यंत फरक एकत्र वादनात खपतो, पुढे कानाला टोचते. फरक जास्त असला तर अकॉर्डियनला हात लावू नका, पेटीच जुळवा. पितळी रीड घासायला सोपी: टोकाशी घासली की सूर चढते, बुडाशी घासली की उतरते. जिभेखाली पातळ पत्रा धरून दोन हलके ओरखडे, मग मिनिटभर थांबा, कारण बोटाच्या उबेने गरम झालेली रीड खाली बोलते. थंड झाल्यावर मोजा आणि मगच पुढचा ओरखडा.

हे सत्राच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी करा. घासलेला सूर दोन-तीन दिवसांत थोडा हलते, तेव्हा आदल्या दिवशी सा, ग आणि प पुन्हा एकदा मोजून घ्या.